झुरीच्या बाळंतपणाचा धसका

आमच्या कीपर्सच्या खोलीत दाराशी एक टोपली आहे. दर हंगामात कुणाचा ना कुणाचा एक हातमोजा हरवतो आणि उरलेला एकटा त्या टोपलीत येऊन पडतो. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण टाकून द्यायलाही कुणाचा हात होत नाही. आमचे किस्से तसेच साठलेत. चहाच्या वेळी एकाला हात घालावा, तर त्याच्या बोटांत अडकून दुसरा निघतो.

मी सांगतेय ते सगळे एकाच उन्हाळ्यातले आणि एकाच बाळंतिणीचे आहेत. बाळंतीण म्हणजे झुरी, आफ्रिकन रानकुत्री. मँचेस्टरपासून तासाभरावर एक सफारी पार्क आहे, तिथल्या रानकुत्र्यांच्या कळपाची ती मालकीण. मोठे गोल कान, अंगावर काळे-पिवळे-पांढरे शिंतोडे, शेपटीचं टोक पांढरं. मी त्याच सेक्शनवर कामाला. मूळची नागपूरची, मँचेस्टरला एमएससी केलं आणि इथे लागले. निम्मा दिवस कुत्र्यांकडे, निम्मा दिवस सफारी बसमध्ये माइक धरून माहिती सांगायची.

आता काळजीचं कारण सांगते. आदल्या वर्षी झुरीला पहिल्यांदा पिल्लं झाली. ती अगदी कोवळी असताना बिळामागच्या रस्त्यावर एक लॉरी बीप-बीप करत रिव्हर्स घेत राहिली. झुरी एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालत सुटली. एक ठेवायचं, दुसरं आणायचं, तेही ठेवायचं, पुन्हा पहिलं उचलायचं. संध्याकाळपर्यंत ती चालतच होती. एकही पिल्लू वाचलं नाही.

मी तेव्हा नवीन होते. कुंपणाबाहेर उभी राहून मी ते सगळं बघितलं.

त्यामुळे या वर्षी झुरीचं पोट दिसायला लागल्यावर सेक्शनमध्ये एकच नियम झाला. आवाज करायचा नाही. आणि माझा प्रॉब्लेम असा, की मी दचकते. टोस्टरमधून ब्रेड उडाला की दचकते, मागून कुणी 'हाय' म्हटलं की दचकते, आणि दचकले की ओरडते.

मी स्वतःच जॅनेटकडे गेले. जॅनेट आमची हेड कीपर. पन्नाशीची, बोल्टनची, आवाज एरवी गिरणीच्या भोंग्यासारखा. म्हटलं, "मला काही दिवस जिराफांकडे टाक. माझ्यामुळे काही झालं तर मला सहन होणार नाही."

ती म्हणाली, "छे, बिळाच्या कॅमेऱ्यासमोर तूच बसायचंस. काही बिनसलं की तुला सगळ्यांच्या आधी कळतं."

मी जरा सुखावले.

"बिनसलेलं नसलं तरी कळतं," ती म्हणाली. "पण निदान झोप तरी लागणार नाही तुला."

* * *

तर मी मॉनिटरसमोर. बिळात एक कॅमेरा आणि एक माइक बसवलेला. चित्र काळं-करडं, त्यात झुरीची पाठ. एका सकाळी स्पीकरमधून चिवचिव ऐकू यायला लागली.

मला वाटलं, बिळात पक्षी शिरला. आता झुरी त्याच्यामागे धावणार, आपटणार, बिळाचं छत पडणार. इथवर मी मनातल्या मनात पोचलेही. जॅनेटला रेडिओवर बोलावलं, "बिळात पक्षी आहे, लगेच ये."

जॅनेट धापा टाकत आली. कान लावून ऐकलं. मग खुर्ची ओढून हळूच बसली.

"पक्षी नाही तो," ती म्हणाली.

रानकुत्र्यांची पिल्लं भुंकत नाहीत. चिमण्यांसारखी चिवचिवतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते.

मग आम्ही आनंद साजरा केला. जॅनेटनं मला मिठी मारली, मी तिला मारली, दोघी एका जागी उड्या मारायला लागलो आणि हे सगळं तोंडातून हूं की चूं न करता. वर जॅनेटनं धावत जाऊन उकळायला लागलेली किटली बंद केली. बीळ तिथून अख्खं एक शेत ओलांडून पलीकडे आहे.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मी पिल्लं मोजायला लागले.

पिल्लं म्हणजे काळ्या मोज्यांचा ढीग. एक हललं की दुसरं त्याच्याखाली जायचं. एकदा मोजली की एक आकडा, चहा पिऊन मोजली की एक कमी. एक कमी आलं की मी पुन्हा मोजायची. मग रेडिओ, मग जॅनेट, मग झुरीनं कूस बदलली की हरवलेलं पिल्लू तिच्या मांडीमागून बाहेर.

असं किती वेळा झालं ते मी सांगत नाही. शेवटी जॅनेटनं सिंकवरचा टी-टॉवेल आणला आणि मॉनिटरवर टाकला.

"फक्त ऐकायचं," ती म्हणाली.

"आणि चिवचिव थांबली तर?"

"तर ती झोपलीत."

"झोपली नसतील तर?"

तिनं टी-टॉवेल काढून मॉनिटरवरून माझ्या डोक्यावर टाकला.

* * *

घरी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिला वाटत होतं मी इंग्लंडमध्ये सायंटिस्ट आहे, आणि मी तिला त्या समजुतीतून कधी पूर्ण बाहेर काढलेलं नाही.

आई म्हणाली, "मग बाळंतिणीच्या खोलीत कोण कोण जातं?"

"कुणीच नाही. महिनाभर तरी पिल्लांना हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही."

"बरोबर आहे. आणि सेंट लावून तर कुणी जात नाही ना?"

"सेंट बंद आहे सगळ्यांना. साबणसुद्धा बिनवासाचा."

"बाहेरचं माणूस?"

"पायांना जंतुनाशक लावल्याशिवाय सेक्शनमध्ये यायचं नाही."

आईनं फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला मी हेच सगळं म्हणत होते, तर तुझी आत्या म्हणाली हे मागासलेलं आहे. तिला सांग, आता इंग्लंडात करतात."

हे मी सफारी बसच्या सुधाकरकाकांना सांगितलं, ही माझी चूक. काका मूळचे चिपळूणचे. मँचेस्टरमध्ये वर्षानुवर्षं सिटी बस चालवून निवृत्त झाले आणि घरी करमेना म्हणून आमच्याकडे आले. त्यांनी ते स्मिताकाकूंना सांगितलं. सोमवारी काका डबा घेऊन हजर.

"काकूनं डिंकाचे लाडू दिलेत. बाळंतिणीला."

"काका, ती कुत्री आहे."

"मी सांगितलं तिला. ती म्हणाली, आई आहे ना?"

मी तो डबा जॅनेटपुढे ठेवला आणि कसंबसं समजावलं. जॅनेटनं एक लाडू उचलला, वास घेतला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाली की झुरीचा आहार ठरलेला आहे, त्यात बदल करायला व्हेटची परवानगी लागेल, पण मिसेस सुधाकर यांना आमच्या सेक्शनतर्फे मनापासून धन्यवाद कळव. मग तिनं तो लाडू तोंडात टाकला.

झुरीची पिल्लं दूध पीत होती तोवर दर सोमवारी डबा येत राहिला. झुरी वाळली. जॅनेटच्या युनिफॉर्मचं बटण लागेना.

* * *

सगळ्यात जास्त घोर बसचा होता. एरवी बस कुत्र्यांच्या कुंपणातूनच जाते. पिल्लांमुळे तो रस्ता बंद केला होता, आणि बस बाहेरच्या रस्त्यावर कुंपणालगत थोडा वेळ थांबायची. लोकांना लांबून गवतावर तरंगणारे चार-दोन गोल कान दिसायचे. पण बस डिझेलची, जुनी. चालू असली की खिडक्यांसकट थडथडायची. मला दर फेरीला वाटायचं, आता झुरी बाहेर येणार, तोंडात पिल्लू असणार.

मी काकांना म्हटलं, "काका, थोडी आवाज न करता नेता येईल का?"

"अगं, बस आहे ती. मांजर आहे का?"

"गेल्या वर्षी लॉरीच्या आवाजानं सगळी पिल्लं गेली, काका."

पुढच्या फेरीला चढाच्या माथ्यावर आल्यावर काकांनी इंजिनच बंद केलं आणि बस उतारावरून तशीच सोडली. चाकांची सरसर तेवढी. कुत्र्यांच्या समोरून आम्ही ढगासारखे गेलो. गोल कान वळलेसुद्धा नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उतार संपला तिथे बस थांबली. काकांनी चावी फिरवली. बस चालू होईना.

आम्ही गेंड्यांच्या भागात होतो. एक गेंडा उठला आणि आमच्या पुढच्या दिव्याकडे बघायला लागला.

मागून एका बाईंनी विचारलं, इथे बस नेहमी थांबते का? काकांनी आरशातून बघितलं आणि सिटी बसच्या आवाजात जाहीर केलं, "रायनो. शेवटचा स्टॉप."

ट्रॅक्टर येऊन आम्हाला ओढून नेईपर्यंत माझे हात माइकवर गोठलेले होते. संध्याकाळी काका म्हणाले, "हे बघ पोरी, ती कुत्री घाबरत नाहीत तेवढी तू घाबरतेस. उद्यापासून इंजिन चालू राहणार." आणि चालू राहिलं.

* * *

शनिवारी लंडनच्या एजवेअरहून एक मराठी कुटुंब आलं होतं. आई, बाबा, सात-आठ वर्षांची मुलगी आणि पुढच्याच सीटवर आजी. बस कुत्र्यांपाशी थांबली. मी इंग्रजीतून माहिती सांगत होते.

आजी मुलाला म्हणाल्या, मोठ्यानं, कारण इथे कुणाला काय कळणार, "कुत्री? कुत्री बघायला पहाटे उठवलंस होय रे मला?"

"आई, वाइल्ड डॉग्ज आहेत. रेअर असतात."

"दिसतायत कुठे? नुसते कान दाखवतेय ही मुलगी."

नात काचेवर थापा मारायला लागली. "पपीज कुठे आहे? आजी, पपीज बाहेर का नाही येते?" तिचं बघून मागची मुलंही थापा मारायला लागली. कुणीतरी शिटी वाजवली. लांब गवतात सगळे कान एकदम आमच्याकडे वळले.

मी माइकवर "प्लीज, प्लीज" म्हणतेय आणि माझाच आवाज मला ऐकू येईना. मग मी माइक खाली ठेवला आणि आजींच्या सीटपाशी वाकले.

"आजी, तिथे आत बाळंतीण आहे. गेल्या वर्षी अशाच आवाजानं तिची सगळी पिल्लं दगावली."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी मराठी निघाले याचा संकोच वगैरे काही नाही. काठी टेकत उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि अख्ख्या बसकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"शू," त्या म्हणाल्या. "बाळंतीण आहे."

एका शब्दाचंही भाषांतर करावं लागलं नाही. रग्बीचे टी-शर्ट घातलेले चार दणकट बाप्ये होते, त्यांनी हातातली वेफर्सची पाकिटं मांडीवर ठेवून त्यावर तळहात दाबून धरले. गेंडे येईपर्यंत बसमध्ये कुणी कागद वाजवला नाही. आजी तोवर उभ्याच होत्या.

* * *

आमच्याकडे रेडिओवर एक शब्द वर्ज्य आहे. 'क्वाएट'. दिवस शांत आहे असं कुणी म्हटलं, की तो दिवस हातचा गेला असं इथले सगळे कीपर्स मानतात. हॉस्पिटलातल्या नर्सेसही मानतात म्हणे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण जे म्हणायचंच नाही ते सांगणार कसं?

तर एका संध्याकाळी, पार्क बंद होताना, जॅनेटनं रेडिओवर विचारलं, "डॉग्ज?" आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काही काळजी नाही अशा सुरात उत्तर दिलं, "सगळं अगदी क्वाएट आहे."

सिंहांच्या सेक्शनमधून कुणीतरी रेडिओवर हळूच म्हणालं, "अरे देवा."

थोड्या वेळानं झाडांवरून हॉट एअर बलून आला. लाल-पिवळा, अवाढव्य, अगदी खाली. आवाज काहीच नाही. बास्केटमधली माणसं आम्हाला हात करत होती. कळप मान वर करून उभा. आणि बरोब्बर बिळाच्या वर आल्यावर त्यांनी बर्नर पेटवला.

तो आवाज कुणी ऐकला नसेल तर सांगते, आकाशात ड्रॅगन खाकरल्यासारखा असतो.

झुरी बिळाच्या तोंडाशी आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिच्या तोंडात काही नव्हतं. तिनं वर बघितलं, बलून झाडांपलीकडे जाईपर्यंत बघत राहिली, आणि आत गेली.

बलूनवाल्यांनी पुन्हा हात केला. जॅनेटनंही त्यांना हात केला, मूठ आवळून.

रात्रभर मी फोनवर बिळाचा आवाज लावून ठेवला. चिवचिव थांबली नाही. सकाळी सिंहांच्या सेक्शनवाल्यांनी मला विचारलं, "आज कसं आहे?" मी म्हटलं, "काही सांगणार नाही."

* * *

आणि मग ते झालंच.

सुट्ट्यांचे दिवस, बस गच्च भरलेली. कुत्र्यांपाशी काकांनी बस उभी केली, इंजिन चालू, खिडक्या थडथडतायत. मी माइकवर सांगत होते की पिल्लं अजून बाहेर येत नाहीत, आई ठरवेल तेव्हा येतील. तेवढ्यात पहिल्या सीटवरचा माणूस म्हणाला, "ती बघा, आली."

झुरी बिळातून बाहेर आली होती. तोंडात काळं काहीतरी लोंबत होतं.

बसमधून "ऑऽऽ" असा आवाज उठला. लोकांना ते गोड वाटलं. मोबाईल वर गेले. मला गेल्या वर्षीचं कुंपण दिसलं, आणि तिचं ते चालणं.

मी रेडिओ तोंडाशी धरला. "जॅनेट, झुरी पिल्लू घेऊन बाहेर आलीय."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "कुंपणाच्या कडेनं चालतेय का?"

"नाही. सरळ येतेय."

"कुठे?"

"आमच्याकडे. बसकडे."

"मी येतेय. बस हलवू नका. काही म्हणजे काही बदलू नका. आणि तू..."

पुढचं तिनं सांगितलं नाही. मला कळलं.

झुरी गवतातून येत राहिली. मध्ये थांबली नाही, वळली नाही. तिच्यामागे दोन कुत्रे, मग आणखी एक. ती इतकी जवळ आली की पिल्लाचं गुलाबी पोट दिसायला लागलं. आमच्या बसच्या दारासमोर, कुंपणाच्या आतल्या बाजूला मातीचा उंचवटा आहे, त्यात सशांनी पूर्वी कधीतरी पोखरलेलं एक भगदाड आहे. तिथे येऊन तिनं पिल्लू खाली ठेवलं.

ते हलत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते. अख्ख्या जगात मला तेवढंच दिसत होतं. काकांनाही ते बघून राहवलं नसेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी किंचाळले. हातातला माइक चालू होता. बसच्या बाहेर, टपावर, दोन स्पीकर आहेत.

कळपातला एकूण एक कान वर. झाडांवरचे कावळे उडाले. मागच्या सीटवर एक बाळ रडायला लागलं. झुरीनं माझ्याकडे बघितलं, सरळ, काचेतून. मी तोंडावर हात ठेवून उभी होते आणि एवढंच म्हणत होते, नको, नको, नको.

झुरीनं मान खाली केली, पिल्लाला नाकानं भगदाडात ढकललं. आतून चिवचिव ऐकू आली. मग ती वळली आणि बिळाकडे परत गेली, दुसरं आणायला.

एकेक करून तिनं सगळी आणली. घाई नाही, फेऱ्या मारणं नाही. मधल्या वेळात दोन कुत्रे भगदाडापाशी राखणीला बसलेले. जॅनेट पळत आली आणि बसच्या बाहेर, दाराला टेकून उभी राहिली. शेवटचं पिल्लू आत गेल्यावर तिनं लांबच्या रिकाम्या बिळाकडे बघितलं.

"एवढं मोठं शेत आहे," ती म्हणाली. "पलीकडे झाडं आहेत, सावली आहे, पाणी आहे. महिना झाला, मी माझ्या नवऱ्याला इकडे शिंकू दिलेलं नाही."

काका म्हणाले, "निघू का? पुढच्या फेरीचे लोक ताटकळलेत."

जॅनेटनं मान हलवली. बस निघाली. मी मागच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा झुरी भगदाडातून बाहेर आली होती आणि रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

पुढच्या फेरीला आलो, तर ती तशीच उभी. जॅनेट म्हणाली, मधल्या वेळात ती आत गेली नाही की बसली नाही. काकांनी बस नेहमीच्या जागी लावली. इंजिन थडथडत होतं. झुरीनं बसकडे बघितलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि उन्हात आडवी झाली. भगदाडातून एक काळं डोकं बाहेर आलं, मग दुसरं, मग सगळी एकमेकांच्या अंगावर पडत तिच्या पोटाशी.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि इंजिन बंद करायला त्यांचा हात आपसूक चावीकडे गेला.

जॅनेटनं बाहेरून काचेवर टकटक केलं.

"चालूच राहू दे," ती म्हणाली.